आल्ट की कंट्रोल? तुर्भ्याच्या एका पेढीतलं टॅली प्रशिक्षण आणि पडद्यावर दाखवलेली बटणं

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधली एक घाऊक पेढी. हिशेब आणि बिलिंगची माणसं १४. त्यांतली ११ गाळ्याच्या वरच्या कार्यालयात बसतात, ३ भिवंडीच्या गोदामात. बरीच वर्षं सगळं काम टॅली ईआरपी ९ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चाललं होतं. त्याची पुढची आवृत्ती, टॅलीप्राइम, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आली, पण ‘चाललंय ते बरं आहे’ म्हणत पेढीने बदल लांबवला. शेवटी बदल झाला तेव्हा बाहेरच्या प्रशिक्षकाची दोन शनिवारी सत्रं ठेवली. पहिलं सत्र फसलं, दुसरं बऱ्यापैकी जमलं. दोन्हींत सॉफ्टवेअर तेच होतं, शिकवणारा तोच आणि खोलीही तीच. फरक होता तो शिकवणाऱ्याची बोटं कोणत्या बटणांवर पडतात ते समोरच्याला दिसतं की नाही, एवढाच.

फसल्याचं सोमवारी कळलं. एका गिऱ्हाइकाकडून जिऱ्याची पोती परत आली होती. विक्री परतीची नोंद म्हणजे क्रेडिट नोट. ईआरपी ९ मध्ये ती कंट्रोल+एफ८ ने उघडायची. टॅलीप्राइममध्ये ती आल्ट+एफ६ वर गेली आणि कंट्रोल+एफ८ हे सेल्स ऑर्डरला दिलं गेलं. बिलिंगच्या माणसाने सवयीने कंट्रोल+एफ८ दाबलं, पार्टीचं नाव, माल, दर भरला आणि कंट्रोल+ए ने जतन केलं. पडद्याची मांडणी ओळखीचीच वाटली, म्हणून वरचं नाव कुणी वाचलं नाही. सेल्स ऑर्डर ही नुसती मागणीची नोंद. तिने ना खात्यावर परिणाम होतो, ना मालाच्या शिलकीवर. त्यामुळे पार्टीचं येणं कागदावर जसंच्या तसं राहिलं आणि परत आलेली पोती गोदामात असून हिशेबात नव्हती.

शनिवारी हे शिकवलं होतं, अगदी दोनदा करून दाखवलं होतं. तरी हे का घडलं, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न.

माउसने चालणारं सॉफ्टवेअर शिकवताना बाण कुठे गेला, काय दाबलं, हे सगळ्यांना दिसतं. टॅलीत शिकवणाऱ्याचे हात टेबलावर असतात आणि पडद्यावर एकदम नवं पान उघडतं. मधला दुवा कुणालाच दिसत नाही. यावर प्रशिक्षकांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘टॅली स्वतःच बटणं दाखवतं, उजवीकडची पट्टी बघा.’ ते खरंही आहे. पट्टीवर प्रत्येक कामासमोर त्याचं बटण लिहिलेलं असतं. पण जोडबटण, म्हणजे सोबत धरायचं आल्ट किंवा कंट्रोल, यांतलं कोणतं, हे टॅली रेघांनी सांगतं. अक्षराखाली एक रेघ असेल तर आल्ट, दोन असतील तर कंट्रोल, रेघ नसेल तर नुसतंच ते बटण. स्वतःच्या टेबलावर दीड-दोन फुटांवरून ही खूण स्वच्छ दिसते. प्रोजेक्टरवर ती मरते.

किती मरते ते मोजता येतं. गाळ्यावरची खोली अरुंद आणि लांब, मागची खुर्ची पडद्यापासून ८ मीटरवर. प्रोजेक्टर १२८० बाय ८०० चा आणि भिंतीवरची प्रतिमा १.८ मीटर रुंद. म्हणजे एक पिक्सेल साधारण १.४ मिलिमीटरचा. दोन रेघांमधली फट एका पिक्सेलची धरली तर तीही १.४ मिलिमीटर. निरोगी डोळा साधारण एका कोनीय मिनिटाइतकं अंतर वेगळं ओळखतो, आणि ८ मीटरवर ते होतं २.३ मिलिमीटर. तेव्हा मागच्या माणसाला दोन रेघांची एकच रेघ दिसणार आणि कंट्रोलचं आल्ट होणार. या प्रतिमेसाठी ही सीमा पावणेपाच मीटरच्या आसपास येते. म्हणजे खोलीच्या मागच्या अर्ध्या भागाला टॅलीची स्वतःची खूण उपयोगाची नव्हती.

तोंडाने सांगून भागत नाही का? भागतं, पण थोडंच. ‘आल्ट एफ सहा’ हे शब्द एकदा कानावर पडतात आणि विरतात. वही काढून लिहीपर्यंत सर पुढच्या पानावर पोचलेले असतात. शिवाय हात बसलेला शिकवणारा नकळत चार बटणं दाबतो आणि त्यांतली दोनच बोलतो. एंटर, एस्केप, बॅकस्पेस ही त्याच्या लेखी बटणंच नसतात.

दुसऱ्या सत्रासाठी दाबलेली बटणं पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटवणारं साधन बसवायचं ठरलं. विंडोजवर कार्नॅक आणि कीव्हिझ ही दोन फुकट मिळणारी साधनं बरीच वापरात आहेत. मॅकवर कीकॅस्टर, लिनक्सवर स्क्रीनकी. टॅली विंडोजवरचं, म्हणून इथे कीव्हिझ घेतलं. निवडीत फार अर्थ शोधू नये. पुढे सांगितलेल्या अडचणी कोणत्याही साधनात येतात.

पहिली अडचण सत्राआधीच्या तालमीत आली. एक्सेलमध्ये बटणं व्यवस्थित उमटत होती, टॅलीत शिरलं की सगळं गप्प. साधन बंद करून चालू केलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, उपयोग नाही. कारण असं की त्या लॅपटॉपवर टॅलीच्या चिन्हाला ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लावलेलं होतं. हिशेबाच्या संगणकांवर हे सर्रास असतं. कधीतरी कुणीतरी परवान्याची किंवा फोल्डरच्या परवानगीची अडचण सोडवताना लावतो आणि ते तसंच राहतं. विंडोजचा नियम आहे की वरच्या अधिकारावर चालणाऱ्या खिडकीत दाबलेली बटणं खालच्या अधिकारावरच्या प्रोग्रामला ऐकू द्यायची नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. यावर दोनच मार्ग: टॅलीची ती खूण काढा, नाहीतर बटणं दाखवणारं साधनही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. पहिला मार्ग चांगला. इथे खूण काढल्यावर टॅली विनातक्रार चाललं. काही ठिकाणी ते डेटा फोल्डरवर अडतं, तेव्हा दुसरा मार्ग.

अँटिव्हायरसनेही एकदा हरकत घेतली. प्रत्येक बटण ऐकणारा प्रोग्राम आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम यांची काम करायची पद्धत एकच असते, त्यामुळे संशय येणं साहजिक आहे. साधन त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवायचं आणि पेढीचा संगणक बघणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवायचं. कुठल्याशा फुकट सॉफ्टवेअरच्या साइटवरून तर मुळीच घेऊ नये.

आता खरा पेच: काय दाखवायचं आणि काय नाही. वर्ड, एक्सेल किंवा प्रोग्रामिंग शिकवताना ठरलेला सल्ला असतो की फक्त शॉर्टकट दाखवा, साधी अक्षरं लपवा. तो टॅलीत आंधळेपणाने लावला की नुकसान होतं. टॅलीत सुटं अक्षर हाच हुकूम असतो. गेटवे ऑफ टॅली या पहिल्या पानावर नुसतं ‘व्ही’ दाबलं की व्हाउचर, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीचं पान, ‘बी’ दाबलं की बॅलन्स शीट. अक्षरं लपवली तर हे गायब होतं. दाखवली तर पार्टीचं नाव टंकताना पडद्यावर अक्षरांची माळ लागते आणि तिच्यात कामाचं बटण बुडून जातं. एंटरचं आणखी वेगळं: एका विक्री बिलात ते इतक्या वेळा दाबलं जातं की दुसरं काही दिसतच नाही. पण ते लपवलं तर नवख्याला पुढच्या रकान्यात कसं गेलात ते कळत नाही.

इथे धड्याप्रमाणे दोन मांडण्या केल्या. पहिला अर्धा तास, म्हणजे टॅलीत फिरायचं कसं, तेव्हा सगळी बटणं चालू: अक्षरं, एंटर, एस्केप, बॅकस्पेस, सगळी. त्या वेळात एकही मोठं नाव टंकायचं नाही असं प्रशिक्षकाने पाळलं. नंतर व्हाउचरच्या भागात फक्त जोडबटणासह दाबलेली बटणं आणि एफ बटणं. तिथे दिसायची ती यादी लहान होती: तारखेला एफ२, विक्रीला एफ८, खरेदीला एफ९, नव्या खात्याला आल्ट+सी, दुसऱ्या अहवालावर उडी मारायला आल्ट+जी, जतन करायला कंट्रोल+ए, आणि अर्थात आल्ट+एफ६. या सत्रात इतकंच घेतलं. शिवाय एफ१० सांगितलं, कारण त्यात व्हाउचरचे सगळे प्रकार नावासकट दिसतात. जोडी आठवली नाही तर तिथून क्रेडिट नोट निवडता येते.

अक्षरांचा आकार अंदाजाने ठरवू नये. ढोबळ हिशेब असा की मागच्या खुर्चीचं अंतर भागिले २०० इतकी अक्षराची उंची भिंतीवर हवी. ८ मीटरला ४ सेंटिमीटर. वरच्या प्रतिमेत ते २८ पिक्सेल होतात आणि मोठ्या अक्षराची उंची फॉन्टच्या आकाराच्या साधारण सात दशांश असते, म्हणून फॉन्ट ४० पिक्सेलचा. रंग सरळ ठेवले, गडद ठोस पार्श्वभूमीवर पांढरं. अर्धपारदर्शक पट्टी लॅपटॉपवर देखणी दिसते, पण तुर्भ्याच्या दुपारच्या उजेडात, पडदे नसलेल्या खिडकीसमोर ती धुऊन निघते.

जागेवरून दोनदा फेरबदल झाला. साधनं बहुतेक वेळा खालच्या कडेला बटणं दाखवतात आणि टॅलीच्या नेमक्या त्याच कडेला क्विट, अ‍ॅक्सेप्ट, डिलीट यांची ओळ असते. उजवीकडे बटणांची पट्टी आणि खात्यांची यादी उघडते. वर मेनू. उरतो तो डावीकडचा मधला भाग. सरावाच्या व्हाउचरमध्ये दोन-तीनच वस्तू भरल्या की त्यांच्या खाली, नॅरेशनच्या (नोंदीचा तपशील लिहायच्या रकान्याच्या) वर मोकळी जागा राहते. दाबलेली बटणं दाखवणारी पट्टी तिथे बसवली. ही जुळवाजुळव प्रोजेक्टर जोडल्यावरच करायची. लॅपटॉप बहुधा १९२० बाय १०८० चा असतो. प्रोजेक्टर जोडून विंडोज+पी ने डुप्लिकेट केलं की दोघांना चालेल असं रिझोल्यूशन लागतं आणि घरी बसवलेली पट्टी सरकते. एक्स्टेंड, म्हणजे दोन्ही पडदे वेगळे, ठेवलं असेल तर ती कधी कधी लॅपटॉपच्याच पडद्यावर राहते. शिकवणाऱ्याला ती दिसत असते, वर्गाला नाही, आणि हे त्याच्या लक्षात यायला बराच वेळ जातो.

बटण किती वेळ टिकवायचं? खोलीतल्यांसाठी दोन सेकंद पुरे. भिवंडीची तीन माणसं व्हिडिओ कॉलवर होती, त्यांच्यासाठी तीन सेकंद केले. नेट मंद असलं की कॉलमधलं चित्र तुटत-तुटत पुढे सरकतं आणि सेकंदभर दिसणारी गोष्ट त्या फटीत पडते. सरकत येणं, विरघळत जाणं ही सजावट याच कारणाने बंद केली. ऑनलाइन दाखवताना एक ठरलेली चूक होते: फक्त टॅलीची खिडकी शेअर केली जाते. बटणांची पट्टी ही वेगळी खिडकी असते, ती टॅलीवर नुसती तरंगते. पलीकडच्यांना ती दिसणारच नाही. पूर्ण स्क्रीनच शेअर करावी लागते.

पूर्ण स्क्रीन शेअर केली की पासवर्डचा प्रश्न येतो. विंडोजवर या साधनांना समोरचा रकाना पासवर्डचा आहे की नाही हे कळत नाही. टॅलीत ठिपके उमटतील, खाली मात्र खरा पासवर्ड ४० पिक्सेलच्या अक्षरांत झळकेल आणि कॉलचं रेकॉर्डिंग चालू असेल तर कायमचा राहील. (मॅकवर सुरक्षित टंकलेखनाची सोय असल्याने पासवर्डचा रकाना सहसा झाकला जातो.) ‘फक्त शॉर्टकट’ ही मांडणी पुरेशी आहे असं समजू नये. शिफ्टलाही जोडबटण मानलं असेल तर पासवर्डमधली मोठी अक्षरं आणि चिन्हं तेवढी बाहेर पडतात. आधी वहीवर खोटा पासवर्ड लिहून तो टंकून बघावा. कार्नॅकमध्ये कंट्रोल+आल्ट+पी ने दाखवणं तात्पुरतं थांबतं. इतरांत विंडोजच्या टास्कबारवरच्या चिन्हावरून बंद करता येतं. इथे साधा मार्ग घेतला: कंपनी उघडून, आत शिरून मग साधन चालू केलं आणि जीएसटी पोर्टल किंवा बँकेचं पान सत्रात उघडलंच नाही. डेटाही खऱ्या कंपनीचा नव्हता, सरावाची कंपनी केली होती. टॅलीच्या एज्युकेशन मोडमध्ये, म्हणजे परवान्याशिवाय, सराव करणार असाल तर तिथे मोजक्याच तारखांना नोंद घेता येते, १ आणि २ तारीख त्यांत आहे. हे माहीत नसलं की वर्गाची दहा मिनिटं एफ२ शी झटापट करण्यात जातात.

सत्रातला सगळ्यांत कामाचा प्रसंग मात्र प्रोजेक्टरवर घडलाच नाही. सराव चालू असताना पेढीतले जुने मेहताजी म्हणाले, “सर, तुम्ही सांगितलंत तेच दाबतोय, पण क्रेडिट नोट येतच नाही.”

“काका, एकदा परत दाबा बघू.”

काकांनी दाबलं. बाकीचे डेस्कटॉपवर होते, काका लॅपटॉपवर. प्रशिक्षकाने त्यांच्या लॅपटॉपवरही तेच साधन चालू केलं. पट्टीवर उमटलं फक्त ‘आल्ट’. एफ६ पोचतच नव्हतं. त्या लॅपटॉपवर वरच्या रांगेतली बटणं आवाज आणि उजेडासाठी लावलेली होती. उजेडासारखी काही बटणं लॅपटॉप परस्पर हाताळतो, विंडोजपर्यंत त्यांचा निरोप जात नाही, म्हणून पट्टीवरही काही येत नाही. एफएन धरून दाबलं तसं ‘आल्ट+एफ६’ उमटलं आणि क्रेडिट नोट उघडली. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन+एस्केपने ही अदलाबदल कायमची करता येते. कंपनीप्रमाणे फरक असतो, एस्केपवर छोटं कुलूप छापलेलं असेल तर तेच.

हा उपयोग फार कमी लोक करतात, आणि आमच्या मते तो पहिल्या उपयोगाइतकाच मोलाचा आहे. शिकणाऱ्याच्या संगणकावर पट्टी चालू केली की ‘मी तेच केलं’ आणि ‘तुम्ही दुसरंच केलंत’ हा वाद मिटतो. अंकांच्या चौकोनात १ दाबल्यावर पट्टीवर ‘एंड’ आलं तर नम लॉक बंद आहे. आल्ट आधी सोडून मग सी दाबलं तर दोन वेगळी बटणं दिसतात, जोडी दिसत नाही. नवख्यांची ही फारच नेहमीची चूक. ‘आल्ट सी दाबा’ हे त्यांना एकामागून एक दाबा असं ऐकू येतं. ‘आल्ट धरून ठेवा, मग सी’ असं म्हणावं.

पट्टी सगळं सांगत नाही, हेही तिथेच दिसलं. एका डेस्कटॉपवर आल्ट+झेड स्वच्छ उमटत होतं, पण टॅलीचा एक्स्चेंज मेनू उघडत नव्हता, वेगळीच खिडकी येत होती. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरने तीच जोडी स्वतःसाठी धरून ठेवली होती. एएमडीचं सॉफ्टवेअर आल्ट+आर धरतं, आणि टॅलीत आल्ट+आर हे आधीचं नॅरेशन परत आणायला लागतं. बटण दाबलं गेलं एवढंच पट्टी सांगते, ते कुणाच्या पदरात पडलं ते नाही. अशा वेळी ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती जोडी काढून टाकायची.

असाच झगडा दुपारी एक्सेलच्या तासाला झाला. पडदा मोठा करून दाखवायला झूमइट चालू होतं. त्याची मोठं करायची जोडी कंट्रोल+१, आणि एक्सेलमध्ये कंट्रोल+१ म्हणजे फॉरमॅट सेल्स. तारखेचा नमुना बदलून दाखवायला कंट्रोल+१ दाबलं की खिडकी उघडण्याऐवजी पडदाच फुगायचा. झूमइटच्या पर्यायांत ही जोडी बदलता येते, कंट्रोल+शिफ्ट+१ केली. दुसरं म्हणजे साध्या झूममध्ये पडद्याचं चित्र गोठतं, त्यामुळे बटणांची पट्टीही गोठते. चालत्या पडद्यावर मोठं करायचं तर लाइव्ह झूम, म्हणजे कंट्रोल+४. पॉवरटॉइज हा मायक्रोसॉफ्टचा सोयींचा संच बसवलेला असेल तर डावं कंट्रोल लागोपाठ दोनदा दाबल्यावर पडदा काळवंडून माउसभोवती प्रकाशाचं वर्तुळ येतं. कंट्रोलवर बोट आपटायची सवय असलेल्याने ही सोय बंदच ठेवावी.

मराठीतून नॅरेशन लिहायचा भाग शेवटी घेतला आणि तिथे पट्टीचा उपयोग मर्यादित निघाला. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलक-मांडणीत ‘क’ हा इंग्रजी के च्या बटणावर असतो. शिकणाऱ्याला अक्षर नको असतं, बटणाची जागा हवी असते, म्हणून पट्टीवर इंग्रजी नाव उमटणारी मांडणी इथे बरी. साधन चालू कळफलकाप्रमाणे देवनागरी दाखवत असेल तर इनस्क्रिप्टचा छापील तक्ता भिंतीवर लावून पट्टी बंद करणं जास्त सोयीचं. पेढीने तेच केलं. विंडोज+स्पेसने भाषा बदलायची सवय मात्र पट्टी चालू असतानाच लावून घेतली, कारण मराठी कळफलक चालू राहिला की पुढचं पार्टीचं नाव देवनागरीत टंकलं जातं आणि यादीत खातं सापडत नाही.

शिकवण्याची लयही बदलावी लागली. आधी बटणाचं नाव बोलायचं, मग दाबायचं, पट्टी विझेपर्यंत हात उचलून थांबायचं. सवयीच्या माणसाला हे थांबणं जड जातं. एका जागी प्रशिक्षकाने कंट्रोल+ए बराच वेळ दाबून ठेवलं, तेव्हा पट्टीवर त्याचीच रांग लागली आणि मागून विचारणा झाली की किती वेळा दाबायचं. बटण दाबून धरलं की ते आपोआप पुन्हा पुन्हा उमटतं. साधनात पुनरावृत्ती एकत्र दाखवायचा पर्याय असला तर तो लावावा.

सत्रानंतर पेढीने चुकीची सेल्स ऑर्डर आल्ट+डी ने काढून टाकली, त्याच गिऱ्हाइकाची क्रेडिट नोट नव्याने केली आणि जिऱ्याची शिलक गोदामाशी जुळवून घेतली. काकांच्या लॅपटॉपची एफएनची अदलाबदल तशीच ठेवली आहे. आवाज कमी-जास्त करायला आता त्यांना एफएन धरावं लागतं, त्याबद्दल त्यांची कुरबुर अजून चालू आहे.